फुटामागे एक सूत

यंत्र सहसा बंद पडत नाही. बंद पडतो तो पट्टा. पट्टाही अख्खा कधी तुटत नाही. तुटतो तो सांध्यापाशी, आणि सांधा म्हणजे जेमतेम दोन बोटांची जागा. मोटर धडधाकट असते, दगडांना कालच टाकी लावून घेतलेली असते, डब्यांची रांग दाराबाहेर गेलेली असते आणि, मुख्य म्हणजे, वीज असते. एवढं सगळं एका वेळी जुळून येणं हा दुर्मीळ योग. तरीही गिरणीवाले अण्णा पाटीवर खडूनं 'दळण बंद आहे' असं लिहितात, ते त्या दोन बोटांपायी.

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, येवल्यात जोडायचं म्हणजे रेशीमच. ते निम्मं खरं आहे. एक ताणा विणून संपत आला की मागावर उरलेल्या जुन्या टोकांना नव्या ताण्याची टोकं एकेक करून, चिमटीत पीळ देऊन सांधावी लागतात. असे हजारो धागे. सांधणारा मान वर करत नाही आणि त्याला कोणी सल्लाही देत नाही, कारण तो काय करतोय ते बघणाऱ्याला धड दिसतच नाही. गिरणीच्या पट्ट्याचं नशीब वेगळं. पट्टा चार इंच रुंद, सांधा एकच, आणि तो रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसतो. म्हणून पैठणीचे हजारो सांधे शांततेत पार पडतात आणि गिरणीच्या एका सांध्याला अर्धी गल्ली लागते.

हातमागाला पट्टा नाही. तो विणकराच्या पायावर चालतो आणि विणकराचा पाय वीज मंडळाला विचारत नाही. पण माग सोडला तर गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर जे जे फिरतं त्याला कुठं ना कुठं पट्टा असतोच. पिठाची गिरणी, मिरचीचं कांडप, मक्याची सोलणी, मळणी यंत्र, कडबाकुट्टी, लाकडाच्या वखारीतली करवत. विहिरीवर डिझेलची इंजिनं धडधडत होती त्या काळात तर एकच इंजिन सकाळी पाणी उपसायचं, दुपारी पट्टा बदलून कडबा कापायचं. घरात कर्ता एक आणि खाणारी तोंडं अनेक, हा हिशेब इंजिनालाही लागू होता.

चपटा पट्टा दुकानात फुटावर मिळतो. दुकानदार दोनच प्रश्न विचारतो: किती इंची आणि किती प्लाय. कॅनव्हासचे थर रबरात बसवलेले असतात, त्या थरांना प्लाय म्हणायचं. चार इंची, चार प्लाय, पंधरा फूट असं सांगितलं की तो गुंडाळीतून मोजून कापून देतो. आपण पैसे देऊन बाहेर पडतो तेव्हा हातात जी वस्तू असते तिला दोन टोकं असतात, आणि फिरायच्या वस्तूला टोकं असून चालत नाही. म्हणजे कारखान्यानं कापूस, रबर, उष्णता, दाब असं सगळं काम स्वतःकडे ठेवलं आणि शेवटचं, सर्वांत अवघड काम गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकलं. यालाच पुढारलेला व्यापार म्हणत असावेत.

हे काम माणसानं आजवर नाना तऱ्हांनी केलं. पट्टे चामड्याचे होते तेव्हा दोन्ही टोकं रापीनं तासून पातळ करायची, एकावर एक ठेवून सरसानं चिकटवायची आणि सरस वाळेपर्यंत गिरणीनं सुट्टी घ्यायची. एवढी सुट्टी परवडत नसेल तर टोकाला टोक भिडवून चामड्याच्या वादीनं शिवायचं. त्यासाठी चांभारदादांना त्यांच्या आरीसकट बोलवावं लागे. त्या शिवणीचा एक नियम आहे, आणि तो जगभर सारखा आहे: पुलीच्या बाजूनं वादी सरळ जायला हवी, फुली पडायची ती बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला फुली घातली तर पुली तिच्यावर रोज घासते आणि आठवड्याभरात ती खाऊन टाकते. शिवणीत सुद्धा भांडण बाहेर आणि आत सगळं सरळ, असा हा उलटा संसार.

पुढं पोलादाचे दात आले. १९०७ साली अमेरिकेत, शिकागोला, खास याच कामासाठी एक कंपनी निघाली: फ्लेक्झिबल स्टील लेसिंग कंपनी. तिनं दातेरी पोलादी पट्टी काढली आणि तिचं नाव ठेवलं ॲलिगेटर. पट्ट्याचं टोक त्या पट्टीच्या उघड्या जबड्यात सरकवायचं, खाली लोखंडी ठोकळा घ्यायचा आणि हातोडीनं जबडा मिटवायचा. दात पट्ट्यातून आरपार जाऊन पलीकडे वळतात. दुसऱ्या टोकालाही तेच. मग दोन्ही टोकांच्या कड्या एकमेकींत गुंतवायच्या आणि मधून पिन सारायची. पिन काढली की पट्टा सुटतो, घातली की जुळतो. शिकागोच्या माणसांनी पिनेचं पोलाद, जाडी, लांबी यांवर डोकी झिजवली असणार. आपल्याकडे ती पिन पहिल्याच महिन्यात हरवते आणि तिच्या जागी सायकलचा स्पोक जातो. तो टिकतोही. शिकागोला हे कोणी कळवलेलं नाही.

सांधा दिसायला लहान, पण त्याचा मार बघा. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेणारी, तिच्यावरची पुली चार इंची. म्हणजे पट्टा मिनिटाला पंधराशे फूट पळतो. पट्टा पंधरा फुटांचा, तर मिनिटाला त्याच्या शंभर प्रदक्षिणा होतात. प्रत्येक प्रदक्षिणेत सांधा एकदा मोटरच्या पुलीवर आपटतो आणि एकदा शाफ्टच्या. मिनिटाला दोनशे, तासाला बारा हजार. गिरणीचा तो टप्-टप् आवाज पिठाचा नाही, दगडाचाही नाही, सांध्याचा आहे. मुरलेला गिरणीवाला डबे मोजता मोजता तोच आवाज ऐकत असतो. टप्-टपचं टप्-चट् झालं की तो बटणाकडे धावतो. नवशिका धावत नाही, आणि मग पट्टा त्याच्याकडे धावतो.

हे सगळं मी निवांत सांगतोय, कारण माझं दळण झालेलं आहे. ज्या संध्याकाळी ते झालेलं नव्हतं ती भोगीच्या आदली संध्याकाळ होती.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी हवी. बाजरीचं पीठ फार दिवस राहत नाही, कडू पडतं, म्हणून शहाणी माणसं ते आधी दळून ठेवत नाहीत. सगळं येवला शहाणं असल्यामुळे सगळं येवला एकाच संध्याकाळी गिरणीत उभं होतं. टप्-टप्, टप्-टप्, टप्-चट्, आणि फाड् करून आवाज आला. पट्टा एखाद्या आळसावलेल्या धामणीसारखा कोपऱ्यात जाऊन पडला. अण्णांनी बटण दाबलं. क्षणभर शांतता पसरली आणि मग रांगेतून पहिला प्रश्न आला, "अण्णा, पट्टा तुटला का हो?"

पट्टा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर पडलेला होता. तरी हा प्रश्न निदान सहा जणांनी विचारला. अण्णांनी सहाही जणांना "हो" असं सांगितलं. गिरणीच्या धंद्याला भांडवलापेक्षा हा स्वभाव जास्त लागतो.

"मग भोगीला मी भाकरी कशाच्या करू?" एका मावशींनी विचारलं. "तुमच्या पट्ट्याच्या?"

"दहा मिनिटांचं काम आहे मावशी. उस्ताद आले की झालंच."

"आणि उस्ताद कुठायत?"

अण्णांनी उत्तर न देता वर बघितलं. आम्हीही बघितलं. वर पत्रा होता, पण सगळ्यांना समजलं. उस्ताद गच्चीवर होते.

येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव जमिनीवर नसतं. गच्च्या, पत्रे, माळवदं, जिथं दोन पावलं टेकतील तिथं माणूस आणि त्याच्या हातात आसारी. इतर गावांत फिरकी असते आणि ती धरायला दुसरा कोणीतरी लागतो. येवल्याचा पतंगबाज आसारी स्वतःच्याच हातात फिरवतो. हलकडीच्या तालावर ती कधी भरते आणि कधी रिकामी होते ते बघत राहावं. या तीन दिवसांची रंगीत तालीम आठवडाभर आधीच सुरू होते. अण्णांनी पोरगा पिटाळला. पोरगा परत आला तो निरोप घेऊन: "उस्ताद म्हणतात, पेच लागलाय."

पेच लागलेल्या माणसाला येवल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावलं तरी तो खाली उतरत नाही. आम्ही थांबलो. पंधरा-वीस मिनिटांनी शेजारच्या गल्लीतून मोठा जल्लोष उठला आणि पाठोपाठ उस्ताद पडलेल्या चेहऱ्यानं गिरणीत शिरले. आमची बाजरी दळली गेली ती कुणा अनोळखी माणसाच्या मांज्याच्या धारेमुळे, हे मी विसरलेलो नाही.

उस्तादांनी पट्टा उचलला, सांधा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "सांधा शाबूत आहे."

हे खरं होतं. पिन जागेवर, दात जागेवर, कड्या जागेवर. पट्टा सांध्याला लागून, बाजूला फाटला होता. असं नेहमीच होतं. दात ठोकायचे म्हणजे पट्ट्याला आडव्या ओळीत भोकं पाडायची, आणि भोकांची ओळ म्हणजे फाडायला सोपी जागा. जोडलेला भाग टिकतो, पण जोडताना शेजाऱ्याला जे सोसावं लागतं ते शेजाऱ्यालाच माहीत.

आता जुना सांधा आणि फाटलेला भाग कापून टाकायचा आणि नवा सांधा घालायचा. म्हणजे मुळात कापायचं किती, हा प्रश्न. पट्टा जोडणं म्हणतात ते खरं म्हणजे कापणं असतं. ठोकणं कोणालाही जमतं. हातोडी आणि राग एवढंच भांडवल पुरतं. किती कापायचं हे मात्र ज्याला कळलं तोच उस्ताद. थोडं कमी कापलं तर पट्टा सैल राहतो, पुलीवर घसरतो, तापतो, रबर जळाल्याचा वास येतो आणि दगड जागचे हलत नाहीत. जास्त कापलं तर पट्टा ताणून बसतो, शाफ्ट ओढला जातो, बेअरिंग तापतं, आणि पट्ट्याचे शंभर रुपये वाचवणारा माणूस बेअरिंगला हजार घालतो.

नवा पट्टा असेल तर उस्तादांचा हिशेब ठरलेला आहे: फुटामागे एक सूत कमी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. सुतळी दोन्ही पुल्यांवरून फिरवून माप घ्यायचं आणि पंधरा फुटी पट्ट्याला पंधरा सूत, म्हणजे दोन इंचांना एक सूत कमी, एवढं त्यातून वजा करायचं. पट्टा चालता चालता तेवढा ताणला जातो आणि मापावर येतो. जुना पट्टा आधीच ताणलेला असतो, त्याला ही सूट नाही. खराब झालेला भाग घ्यायचा आणि थांबायचं. हे नियम उस्तादांनी कुठं वाचलेले नाहीत, पण यंत्रांच्या जुन्या पुस्तकांत हाच हिशेब सापडतो. गंमत म्हणजे पुस्तकांत तो पानभर असतो आणि उस्तादांकडे एका वाक्यात.

रांगेत एक निवृत्त मास्तर होते. त्यांना सुतळी मान्य नव्हती. "त्यापेक्षा सूत्र वापरा," ते म्हणाले. "दोन शाफ्टमधल्या अंतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांची बेरीज गुणिले १.५७, अधिक व्यासांतल्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट." सूत्र अगदी बरोबर आहे. मास्तरांनी भिंतीवर, 'उधार बंद' या अक्षरांखाली, खडूनं आकडेमोड केली. उत्तर आणि सुतळी यांत एका इंचाचा फरक आला. मास्तर म्हणाले, सुतळी ताणली गेली. उस्ताद काही बोलले नाहीत. अंतर मोजायला मास्तरांनी जी टेप घेतली होती तिचं पहिलं टोक अर्धा इंच तुटलेलं होतं, एवढं त्यांनी बोटानं दाखवलं.

मग गुण्या निघाला. टोक काटकोनात कापलं नाही तर पट्टा एका अंगाला ओढ घेतो आणि पुलीवरून उतरतो. पुलीही याच भीतीनं घडवलेली असते. चपट्या पट्ट्याची पुली सपाट दिसते, पण तिच्यावर तळहात फिरवून बघा, मधोमध हलका उंचवटा लागतो. पट्टा आपोआप त्या उंच भागाकडे सरकतो आणि तिथं टिकून राहतो. खाली घसरेल असं वाटतं, पण तो वर चढतो. जिथं उंची आहे तिकडे आपोआप सरकायचं, हे तत्त्व येवल्यात कोणाला शिकवावं लागलं नाही. निवडणुकीच्या आधी महिनाभर ते विनाशुल्क बघायला मिळतं.

उस्तादांनी खडूनं रेघ मारली तेव्हा नाना पुढं झाले. नाना रांगेत होते, पण त्यांच्या हातात डबा नव्हता. "अजून चार बोटं घे," ते म्हणाले. "इथपर्यंत चीर आलीय बघ."

"ती चीर नाही, रेघ आहे. कॅनव्हासची."

"घे म्हणतो मी. पट्टा जितका ताठ तितकं दळण बारीक."

"माझ्या मते नाना म्हणतात तेच बरोबर," मास्तर म्हणाले. मघाच्या टेपचं त्यांना लागलेलं असावं. मावशींचंही मत पडलं की एकदाच काय ते जास्त कापावं म्हणजे कटकट नको. उस्तादांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आधी मारलेल्या रेघेवर रापी चालवली.

गिरणीतला शाफ्ट आढ्याजवळ आहे. खाली मोटर, आणि वरच्या शाफ्टवरून एक पट्टा गिरणीकडे, दुसरा कांडपाकडे. म्हणजे शिडी आली. इथं मला फॅक्टरी ॲक्टची आठवण झाली. १९४८ च्या त्या कायद्यात बाविसावं कलम होतं आणि ते लिहिणाऱ्याला पट्ट्यांबद्दल मनापासून काळजी असावी. चालत्या पुलीवर पट्ट्याला हात लावणारा माणूस खास शिकवलेला, प्रौढ आणि अंगाबरोबर घट्ट कपडे घातलेला असावा, आणि ते कपडे मालकानं द्यावेत. पट्टा पंधरा सेंटीमीटरपेक्षा रुंद नसावा. सांधा वादीनं शिवलेला किंवा पट्ट्याशी सपाट बसलेला असावा, वर आलेला नसावा. पाय ठेवायला भक्कम जागा असावी. आणि शिडी नीट बांधलेली असावी किंवा दुसऱ्या माणसानं घट्ट धरलेली असावी. देशाची संसद पट्ट्याच्या सांध्यावर आणि शिडी धरणाऱ्या माणसावर इतका बारीक विचार करते, हे कळल्यावर माझा लोकशाहीवरचा विश्वास वाढला.

त्यातल्या कुठल्याही गोष्टीला हसू नये. चालत्या पट्ट्यानं उपरण्याचं टोक, साडीचा पदर किंवा सैल बाही एकदा पकडली की ती सोडत नाही, आणि कडेला आलेला दात बोटाला विचारत नाही. पण विजेवर दहा माणसं राबत असतील तर तो कारखाना, असा त्या कायद्याचा हिशेब होता. अण्णांच्या गिरणीत अण्णा आणि एक पोऱ्या मिळून दीड माणूस. म्हणून कायदा गिरणीच्या दाराशी थांबला आणि अण्णांनी आपला एकच नियम केला: मोटरचं बटणच नव्हे, वरचा मेन स्विचही खाली पाडायचा आणि त्याच्यापाशी स्वतः उभं राहायचं. शिडी धरायला दुसरा माणूस हवा, तर तिथं नऊ होते. नऊही जण सल्ला देत होते. शिडी मावशींनी धरली.

सांधा घालायला उस्तादांनी पोऱ्याला सांगितलं, कारण त्याशिवाय तो शिकणार कसा. पोऱ्यानं दात ठोकले ते सुरेख. मग पट्टा पुल्यांवरून फिरवून घेताना त्याला कुठंतरी अर्धा पीळ बसला आणि पोऱ्यानं तशीच पिन सारली. उस्तादांनी त्याला एक टपली दिली. मास्तर मात्र एकदम हरखले. "मोबियस!" ते ओरडले. जर्मनीत १८५८ साली या आकारावर गणित मांडलं गेलं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. अर्धा पीळ देऊन टोकं जोडली की पट्ट्याला आतली बाजू आणि बाहेरची बाजू असं काही उरत नाही, एकच बाजू होते. मग झीज दोन्ही अंगांना सारखी. मास्तरांचं म्हणणं खोटं नव्हतं. गुडरिच नावाच्या अमेरिकन रबर कंपनीनं माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यासाठी हीच युक्ती केली आणि १९५७ साली तिला पेटंटही मिळालं. अमेरिकेत पेटंट आणि येवल्यात टपली, एवढाच काय तो फरक. पोऱ्यानं पिन काढून पीळ सोडवला, पण त्यानंतर तो मास्तरांकडे फार आदरानं बघायला लागला.

पट्टा चढवायची वेळ आली आणि घोळ झाला. तो पुलीवर येईना. दोन बोटं कमी पडत होता. नाना खूश झाले, आणि ज्याला चार बोटं कमी करायची होती त्यानं दोन बोटं कमी पडल्यावर खूश व्हावं हे मला तेव्हा समजलं नाही.

चूक उस्तादांची नव्हती. मोटर दोन लोखंडी रुळांवर बसवलेली असते. पट्टा सैल झाला की ती मागं सारायची, पट्टा कापून आखूड झाला की पुढं घ्यायची. अण्णांचा पट्टा वर्षानुवर्षं तुटत आणि जोडला जात आला होता. दर वेळी तो चार-दोन बोटं आखूड झाला आणि दर वेळी मोटर रुळावर पुढं सरकली. आता रूळ संपले होते. मोटर आणखी पुढं गेली असती तर गव्हाच्या डब्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली असती.

उपाय एकच, तुकडा घालायचा. म्हणजे एका सांध्याचे दोन सांधे. तासाला बारा हजारांच्या जागी चोवीस हजार टोले. अण्णांनी भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेला नव्या पट्ट्याचा हातभर तुकडा काढून दिला. उस्तादांनी मोजून कापला, दोन्ही टोकांना दात ठोकले, दोन पिना सारल्या. एका पिनेच्या जागी स्पोक.

"आता थोडी राळ मारा," नाना म्हणाले. राळ घसरत्या पट्ट्यावरचं जुनं औषध. चालत्या पट्ट्यावर चिमूटभर पूड टाकली की तो पुलीला धरतो. पण ती पकड तात्पुरती असते. पुढं राळेचा काचेसारखा थर जमतो, पट्टा कडक होतो आणि आधीपेक्षा जास्त घसरतो. चामड्याच्या पट्ट्याला एरंडेल चोळायचे, ते त्याला मऊ ठेवायचं. रबरी पट्ट्याला तेल लावलं तर रबर फुगतं. अण्णांच्या पट्ट्यानं यातलं सगळं सोसलं आहे, शिवाय डांबर, काकवी आणि एका उन्हाळ्यात कोणाच्या तरी आग्रहाखातर गुळाचं पाणी. त्या महिन्यात दळण कमी झालं आणि मुंग्या जास्त.

"अण्णा, व्ही-बेल्ट का नाही बसवत?" रांगेतल्या एका तरुणानं विचारलं. प्रश्न रास्त होता. इंग्रजी व्हीसारखा छेद असलेला तो पट्टा खाचेच्या पुलीत रुतून बसतो, घसरत नाही, आणि कारखान्यातूनच अखंड गोल येतो. अमेरिकेत जॉन गेट्सनं १९१७ साली तो आणला, तेव्हापासून जगभर सांधा घालणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. दुकानात जाऊन 'बी ५२' म्हणायचं, दुकानदार खुंटीवरून काढून देतो. बी ही जाडी आणि ५२ ही इंचांतली लांबी. सूत नाही, सुतळी नाही, मास्तर नाहीत.

"आणि तो तुटला तर?" अण्णांनी विचारलं.

"नवा घालायचा."

"तीन खाचांच्या पुलीवर तीन असतात. एक तुटला तर?"

तरुण गप्प झाला. तिन्ही बदलावे लागतात. एकच नवा घातला तर तो जुन्यांपेक्षा आखूड, सगळा भार त्याच्यावर, आणि तो पुन्हा तुटतो. नव्यानं नोकरीला लागलेल्यालाच सगळं काम मिळतं, ही तक्रार पट्ट्यांमध्येही आहे. "शिवाय भोगीच्या आदल्या संध्याकाळी," अण्णा म्हणाले, "दुकानदार कुठं असतो?" सगळ्यांनी वर पत्र्याकडे बघितलं.

घरोघरी घरघंट्या आल्या आहेत, त्यामुळे रांग पूर्वीइतकी लांब राहिली नाही हेही खरं. कपाटाएवढं यंत्र, वर दाणे घाला, खाली पीठ घ्या. पण त्यात माझ्या आधी कोणी काय दळलं याची चौकशी करायला कोणी नसतं, गव्हाआधी बाजरी टाकली म्हणून भांडायला कोणी नसतं, आणि बंद पडलं तर कंपनीचा माणूस येतो आणि शिडी धरायला कोणालाच बोलावत नाही.

पट्टा चढला. उस्तादांनी तो हातानंच एक फेरा फिरवून बघितला, दोन्ही सांधे पुलीवरून नीट उतरले. मग त्यांनी खाली पडलेले तुकडे गोळा करायला हात घातला आणि लक्षात आलं की चांगला, वीतभर लांबीचा, नव्या पट्ट्याचा उरलेला तुकडा जागेवर नव्हता. तो नानांच्या हातात होता. नाना त्याच्यावर बोटं ठेवून माप घेत होते.

"काय नाना?"

"काही नाही. फाटकाच्या दोन बिजागऱ्या गेल्यात. रबरी पट्ट्याच्या चांगल्या टिकतात." त्यांनी तुकडा पुन्हा मोजला. "एकच होतीय. मघाशी चार बोटं जास्त कापली असतीस तर दोन्ही झाल्या असत्या."

"मला स्कूटरच्या मडगार्डला थोडा हवा होता," मास्तर हळूच म्हणाले.

"आणि मला दाराखाली लावायला," मावशी म्हणाल्या, "उंदीर येतो."

उस्तादांनी तुकडा नानांच्या हातातून काढून घेतला आणि अण्णांच्या खिळ्याला परत लटकवला. "अण्णा," हातोडी पिशवीत टाकत ते म्हणाले, "पुढच्या खेपेला किती कापायचं ते विचारायचं असेल, तर ज्याच्या घरी काही मोडलेलं नाही असा माणूस आधी शोधून ठेवा."

"शोधतो," अण्णा म्हणाले. "तोवर बाजरी उरकून घेतो." आणि त्यांनी मेन स्विच वर केला.